तिसऱ्या गोळीचा हिशेब

प्रस्तावना

निवडणूक जाहीर झाली की कुर्डुवाडीच्या पोलीस ठाण्यात माणसे बंदुका घेऊन शिरतात आणि कुणीही दचकत नाही. आचारसंहिता लागलेली असते, नोटिसा गेलेल्या असतात, आणि आसपासच्या गावांतले परवानाधारक आपापले हत्यार जमा करायला आलेले असतात. कुणाची बारा बोअरची दुनळी गोणपाटात गुंडाळलेली, कुणाची एकनळी मोटारसायकलला आडवी बांधलेली, एखाद्या जुन्या वाड्यातली तीनशे पंधरा रायफल कॅनव्हासच्या पिशवीत. हवालदार परवान्यावरचा नंबर हत्यारावरच्या नंबराशी ताडून पाहतो, वहीत नोंद करतो, पावती देतो. मतमोजणीचा गुलाल धुतला गेला की हीच माणसे पावती घेऊन परत येतात. यांतल्या पुष्कळ बंदुकांनी चोर पाहिलेला नाही की रानडुक्कर पाहिलेले नाही. पोलीस ठाणे मात्र त्यांना पाठ आहे.

हे पुस्तक ज्या रायफलींबद्दल आहे त्या या रांगेत कधीच नसतात. सैनिकाच्या रायफलीसारख्या दिसणाऱ्या, तिच्याच नकाशावर बेतलेल्या, पण शिकारी आणि नेमबाजांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफली हा याचा विषय. अमेरिकेत त्या घरोघरी आहेत. आपल्याकडे त्या सिनेमात आणि बातम्यांत भेटतात. मग माळरानावरच्या वाचकाने हे पुस्तक का वाचावे? माझे उत्तर असे की ज्या प्रश्नावर तिकडे तीस-चाळीस वर्षे भांडण चालू आहे, त्याच प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वी वेगळ्याच कारणासाठी देऊन टाकले. ते उत्तर बरोबर की चूक याचा विचार आपण कधी केलाच नाही. ठाण्याच्या रांगेतली ती तीनशे पंधरा नीट पाहिली तर हा सगळा इतिहास तिच्या अंगावर सापडतो.

आधी यंत्राबद्दल थोडे. बोल्टच्या रायफलीत गोळी सुटल्यावर नेमबाजाला मूठ वर उचलून मागे ओढावी लागते, रिकामे काडतूस बाहेर पडते, मूठ पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस नळीच्या मागच्या टोकाला बसते. सराईत हाताला याला दीड-दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात नेम हलतो. अर्धस्वयंचलित रायफलीत हे सगळे काम बंदूकच करते. बहुतेक बनावटींत गोळीमागच्या वायूचा थोडा भाग नळीतल्या बारीक छिद्रातून वळवून त्याच्या जोरावर बोल्ट मागे फेकला जातो, आणि स्प्रिंग त्याला नव्या काडतुसासह पुढे आणते. चाप मात्र दरवेळी नव्याने ओढावा लागतो. चाप दाबून धरला की गोळ्यांची सरबत्ती सुरू होते ती पूर्ण स्वयंचलित, आणि वर्तमानपत्रे या दोन्हींची सर्रास गल्लत करतात. १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली गॅरंड ही अशी पहिली रायफल की जी एका मोठ्या सैन्याच्या सर्वसाधारण शिपायाला मिळाली. पुढे युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत एआर-१५ घडवली, १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्टने घेतले, सैन्यात ती एम-१६ झाली, आणि १९६४ पासून तिचा अर्धस्वयंचलित भाऊ ‘स्पोर्टर’ या नावाने दुकानात विकायला आला. जे भांडण मी वर म्हटले ते या भावावरून.

या भांडणातला एक पक्ष म्हणतो की लष्करी हत्याराचे शिकारीत काय काम? ऐकायला हे पटते. इतिहास मात्र त्याला साथ देत नाही. जगातल्या पुष्कळ नावाजलेल्या शिकारी रायफली एकेकाळी शिपायाच्या खांद्यावर होत्या. जिम कॉर्बेट यांचे उदाहरण आपल्या वाचकाला जवळचे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना जी रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली, तिची यंत्रणा जर्मन माउझर लष्करी रायफलीची, आणि तिचे काडतूस म्हणजे सात मिलिमीटरचे माउझर. तेच काडतूस वापरून बोअर शेतकऱ्यांनी अवघ्या काही वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश फौजेला जेरीला आणले होते. शिपायाची रायफल जुनी झाली की तिचा दस्ता तासायचा, नळी आखूड करायची, अक्रोडाच्या लाकडाला पॉलिश मारायचे आणि तिला ‘स्पोर्टिंग’ म्हणायचे, ही रीत दीडशे वर्षांची आहे. एआर-१५च्या समर्थकांचा हा मुद्दा खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागते.

आता तीनशे पंधराकडे. १८५७ नंतर राज्यकर्त्यांच्या मनात जी धास्ती बसली तिच्यातून व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यात हिंदी माणसाला परवाना बंधनकारक आणि गोऱ्याला सूट. पुढे सैन्यात .३०३ आली, जिला आपले पोलीस आजही ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात, आणि नवी चिंता सुरू झाली. सरहद्दीवर टोळ्यांच्या हाती रायफली होत्याच, गोळ्या तेवढ्या हव्या होत्या. खासगी दुकानात .३०३ ची काडतुसे मिळाली तर चोरलेल्या लष्करी रायफलीचे पोट भरणारच. तेव्हा सरकारने बंदी घातली ती रायफलीच्या आकारावर नव्हे, गतीवर नव्हे, तर काडतुसावर. लष्कराच्या मापाचे काडतूस नागरिकाला नाही. .४५० च्या मोठ्या शिकारी रायफलीही याच तडाख्यात सापडल्या, आणि लंडनच्या बंदूकवाल्यांनी १९०७ च्या सुमारास घाईघाईने .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. हत्तीला त्या फरकाचे काही सोयरसुतक नव्हते. कस्टम कचेरीला होते.

बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने यावर जी तोड काढली ती मला फार गमतीची वाटते. त्यांनी .३०३ ची तीच ली यंत्रणा घेतली, तीच मूठ, तोच बोल्ट, आणि तिला .३१५ च्या काडतुसासाठी बेतले. हे .३१५ म्हणजे काय? ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी १८९० च्या सुमारास बनवलेले मॅनलिखर काडतूस. म्हणजे ब्रिटिश लष्कराची गोळी चालू नये म्हणून हिंदुस्थानी जमीनदाराच्या हाती ऑस्ट्रियाच्या लष्कराची गोळी दिली गेली. व्हिएन्नाचे शिपाई सोलापूर जिल्ह्यात दंगा करायला येण्याची भीती नव्हती, एवढाच काय तो विचार. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने हीच तीनशे पंधरा बनवणे चालू ठेवले, आणि आज परवान्यावर मिळणारी देशी रायफल म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते. अंगाने ती ब्रिटिश टॉमीची रायफल आहे, गोळीने कैसरच्या शेजाऱ्याची. तिला लष्करी म्हणायचे की शिकारी?

१९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांनी हा वारसा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित बोअर अशी वाटणी झाली. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे घेणारी रायफल, बोल्टची असो वा अर्धस्वयंचलित, प्रतिबंधित यादीत. तिच्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची सही पुरत नाही, केंद्र सरकारची खास परवानगी लागते. आणि याच देशात .३०-०६ ची रायफल अप्रतिबंधित म्हणून सरकारी कारखाना विकतो! हे .३०-०६ अमेरिकी सैन्याचे १९०६ चे काडतूस, दोन महायुद्धे लढलेले, गॅरंडच्या पोटात बसणारे, आणि ताकदीत .३०३ पेक्षा वरचढ. आपल्या सैन्याने ते कधी मुख्य काडतूस म्हणून घेतले नाही, म्हणून ते सभ्य. बोअरवर बेतलेला कायदा असा आंधळा असतो. त्याला गोळी किती लांब जाते हे दिसत नाही, सरकारी कोठारातून कोणती गोळी चोरीला जाऊ शकते एवढेच दिसते. त्या काळी तो विचार वेडगळ नव्हता. आज त्याची तपासणी व्हायला हवी, आणि या पुस्तकाचे कायद्यावरचे प्रकरण ती करते, ही त्याची मोठी जमेची बाजू.

इतर देशांनी रेषा वेगळीकडे ओढली. ब्रिटनमध्ये हंगरफर्डच्या १९८७ च्या हत्याकांडानंतर पुढच्याच वर्षी मोठ्या काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफली बंद झाल्या. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसे मारली गेली आणि सरकारने लाखो बंदुका पैसे मोजून परत घेतल्या. न्यूझीलंडमध्ये २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ बळी गेले आणि महिन्याभरात कायदा बदलला. या तिन्ही ठिकाणी शिकारी होते, शेतकरी होते, नेमबाजीचे क्लब होते. तिन्ही ठिकाणी त्यांनी कुरकुर केली, आणि तिन्ही ठिकाणी शिकार आजही चालू आहे. अमेरिकेतही १९९४ मध्ये दहा वर्षांपुरती बंदी आली आणि २००४ मध्ये ती सरली. २००९ पासून तिथल्या बंदूक व्यवसायाने या रायफलींना ‘आधुनिक क्रीडा रायफल’ असे नाव द्यायला सुरुवात केली. नावे ठेवण्यात व्यापारी हुशारच असतात.

पण अमेरिकेचेच शिकारीचे नियम वाचले तर वेगळे काही दिसते, आणि मला वाटते या सगळ्या वादाची किल्ली तिथेच आहे. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे राहू नयेत असा केंद्रीय नियम तिथे १९३५ पासून आहे. बदकांवर चौथी गोळी झाडायची नाही. हरणांच्या शिकारीत अनेक राज्ये मॅगझिनवर मर्यादा घालतात. काही राज्यांत एआर-१५ चे नेहमीचे बारीक काडतूस हरणासाठी चालत नाही, कारण ते दुबळे पडते आणि जखमी जनावर रानात जाऊन तडफडते. पेनसिल्व्हेनिया हे तर शिकाऱ्यांचे राज्य. तिथे अर्धस्वयंचलित रायफल शिकारीला दीर्घकाळ पूर्ण वर्ज्य होती, आणि सूट मिळाली तेव्हाही ती आधी लहान सावजापुरतीच मिळाली. हे नियम बंदुकविरोध्यांनी केलेले नाहीत. शिकाऱ्यांनी शिकाऱ्यांसाठी केले आहेत.

म्हणून मी या विषयाकडे गोळ्यांच्या हिशेबाने पाहतो. पहिली गोळी शिकाऱ्याच्या हक्काची. दुसरीही त्याची, कारण पहिली चुकली तर अंगावर येणाऱ्या जनावराला थोपवायला किंवा जखमी जनावराची तडफड संपवायला ती लागते. अर्धस्वयंचलित रायफलीचे समर्थक हाच मुद्दा पुढे करतात, आणि तो खोटा नाही. पण ही दुसरी गोळी आपल्या गोणपाटातल्या दुनळीत शंभर वर्षांपासून आहे. दुसरा चाप ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. कॉर्बेटच्या हातातही दुनळी रायफल असे. खरा हिशेब द्यायचा तो तिसऱ्या गोळीपासून तिसाव्या गोळीपर्यंतचा, आणि शिकाऱ्याकडून तो देता आलेला मी वाचलेला नाही.

आमच्या माळावरची जुनी शिकार तर बंदुकीची नव्हतीच. फासेपारधी काळवीट, तितर, ससे धरायचे ते फाशांनी. जनावराची वाट, वारा, पाणी पिण्याची वेळ हे सगळे डोक्यात ठेवून. मग साहेबाची बंदूक आली, आणि तिने काय केले त्याची एक नोंद अंगावर काटा आणते. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याचे पक्षी अभ्यासकांनी नोंदवले आहे. वीस वर्षांत ९६१, आणि हत्यार त्या काळचे, म्हणजे तोंडातून ठासायचे. दर गोळीला दारू ओता, गज घाला, ठासा. तेव्हा झपाट्याने चालणारी बंदूक नसली की वन्यजीव वाचतात असे मानायचे कारण नाही. पुढे १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले, त्यात सोलापूरजवळच्या नान्नजबरोबर आमच्या माढा तालुक्याचाही भाग होता, आणि पुष्कळांच्या सातबाऱ्यावर त्याची सावली पडली. पुढे क्षेत्र कमी झाले. माळढोक त्याआधीच कमी झाला होता. नान्नजला आज हा पक्षी शोधायला गेलेला माणूस बहुधा काळवीट पाहून परततो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि मग १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार आपल्या देशात संपली. हे एकदा स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण अजूनही कुठे लग्नात, कुठे धाब्यावर ‘आमच्या आबांनी काळवीट पाडलं’ अशी बढाई ऐकू येते आणि ऐकणाऱ्या पोराला वाटते आपणही पाडावे. त्या पोराला तुरुंग दिसेल. हत्यार उचलण्याची जी कायदेशीर वेळ उरली आहे ती फार अरुंद, आणि तिचे उदाहरण आमच्या शेजारच्याच तालुक्यातले आहे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन माणसे मारली. उजनीच्या पाण्याने त्या पट्ट्यात ऊस आणि केळी झाली आणि उसात बिबट्याला घर मिळाले. ऐन तोडणीचे दिवस, टोळ्या फडात, पंपाला रात्रीची वीज, आणि माणसे बाहेर पडायला तयार नाहीत. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, वनखात्याची पथके फिरली, मुख्य वन्यजीव रक्षकांकडून ठार मारण्याचा हुकूम निघाला, आणि १८ डिसेंबरला वांगी परिसरात अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटलांच्या गोळीने तो पडला. त्या दिवसांत आमच्या भागात जो तो बंदुकीवर बोलत होता. एके-४७ का देत नाहीत, असेही लोक विचारत होते. पण दाट केळीत, पन्नास माणसे आजूबाजूला उभी असताना, कमी अंतरावर एका जनावराला मारायचे तर हवी असते एक खात्रीची गोळी आणि तिच्यामागे थंड डोके. तिथे तीस गोळ्यांची मॅगझिन रिकामी करणाऱ्याने बिबट्याबरोबर दोन वनरक्षकही पाडले असते.

रानडुकराचे गाऱ्हाणे वेगळे आणि जास्त खरे. भुईमूग, मका, ऊस एका रात्रीत उलथापालथा होतो, आणि पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मारता येते. कळप असतो, रात्र असते, धावपळ असते. इथे भराभर चालणारी रायफल कामाची, असे कुणालाही वाटेल. टेक्सासमध्ये नेमक्या याच कामासाठी एआर-१५ वापरतात. २०११ पासून तर हेलिकॉप्टरमधून डुकरे मारायलाही तिथे कायद्याने मोकळीक आहे. डुकरे मात्र संपलेली नाहीत. ती वर्षातून दोनदा विऊ शकतात, हेलिकॉप्टर विऊ शकत नाही. आणि टेक्सासचे रान व आमचे शिवार यांत एक साधा फरक आहे: आमच्याकडे दर दोन-चार शेतांआड वस्ती आहे. बारा बोअरचे छर्रे त्या मानाने लवकर दम तोडतात. रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरच्या किलोमीटर जाते. .३०-०६ ची चार किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि साधी पॉइंट टू टू, जिला लोक खेळणे समजतात, तीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत. माळ सपाट आहे, गोळी अडवायला डोंगर नाही. रात्री मोटार चालू करायला निघालेला माणूस बॅटरी विझवूनही चालत असतो. माझ्या मते या भागात डुकरासाठी रायफलच नको, अर्धस्वयंचलित तर लांबच. दुनळी, मचाण आणि खाली झुकणारा नेम एवढेच चालावे. पुस्तकाचे संपादक याबाबत माझ्याइतके कडक नाहीत. त्यांचे म्हणणे त्यांनी पुस्तकात मांडले आहे.

राहिली नेमबाजी. इथे मात्र मराठी माणसाला बोलायला पुष्कळ आहे.

नेमबाजीचा खेळही मुळात लष्करी. फ्रान्सच्या स्वारीच्या भीतीने इंग्लंडमध्ये स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या, त्यांना नेम यावा म्हणून १८५९ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना निघाली, आणि १८६० मध्ये विंबल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने चौकटीत घट्ट बसवलेल्या रायफलीची रेशमी दोरी ओढून पहिला बार काढला. अमेरिकेतल्या कॅम्प पेरीच्या सामन्यांत आजही सर्व्हिस रायफलचा वर्ग आहे. तिथे २००, ३०० आणि ६०० यार्डांवर एआर-१५ च्या जातीच्या रायफली चालतात आणि अतिशय अचूक चालतात. हलकी, कमी धक्क्याची, खांद्याप्रमाणे लांब-आखूड होणारी ही रायफल नेमबाजाला आवडते यात नवल नाही. त्या मैदानावर तिच्यावर माझा आक्षेप नाही. जगातला मुख्य प्रवाह मात्र दुसरीकडे गेला. ३०० मीटरची मोठ्या रायफलीची स्पर्धा १९७२ नंतर ऑलिम्पिकमधून गेली. उरली ५० मीटरची .२२ आणि १० मीटरची हवेची रायफल. दोन्हींत एका वेळी एकच गोळी हाताने भरायची.

आपल्याकडे राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. खादीतल्या या माणसाने बंदुकीच्या संघटनेचे अध्यक्षपद का घेतले असेल? ज्यांनी १८७८ च्या कायद्याची मानहानी पाहिली होती त्या पिढीला नागरिकाच्या हातातली रायफल हे हिंसेचे नव्हे, विश्वासाचे चिन्ह वाटत असावे, असा माझा तर्क आहे. आजही राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचण्याच्या वाटेवर नवख्या नेमबाजाला जी स्पर्धा भेटते ती मावळंकरांच्या नावाची. मुले तिला नुसती ‘मावळंकर’ म्हणतात, ‘यंदा मावळंकर खेळलास का?’ असे विचारतात.

या वाटेवरून कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला गेली आणि ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ करून जागतिक विजेती झाली. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे फ्रान्समधल्या शातोरू इथे ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिक ब्राँझ घेऊन उभा राहिला. कुर्डुवाडीसारख्या रेल्वेच्या गावाला त्याचे अप्रूप दुहेरी, कारण तेव्हा तो मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. पात्रता फेरीत ५९० गुणांसह तो सातवा होता, म्हणजे आठांच्या अंतिम फेरीत जेमतेम. अंतिम फेरीत गुडघ्यावर, पालथे पडून आणि मग उभे राहून गोळ्या झाडायच्या. उभ्या स्थितीत एकेक जण गळत जातो. ४५१.४ गुणांवर तो थांबला. ज्या वर्तुळाला दहा गुण मिळतात त्याचा व्यास ५० मीटरवर १०.४ मिलिमीटर, रुपयाच्या नाण्यापेक्षाही कितीतरी लहान. दर गोळीनंतर तो बोल्ट उघडतो, एक काडतूस बोटाने ठेवतो, श्वास सोडतो, थांबतो. नको वाटले तर रायफल खाली घेतो आणि पुन्हा सुरुवात करतो. दुसरी गोळी आपोआप येऊन बसली असती तर त्याच्या खेळात काही भर पडली नसती. उलट ते थांबणे गेले असते.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर माझा युक्तिवाद फार गुळगुळीत झाला असता. कोल्हापूरचीच राही सरनोबत आडवी येते. तिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले ते २५ मीटर पिस्तुलात, आणि ते पिस्तूल अर्धस्वयंचलित असते. जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसते, सात सेकंद लपते, असे पाच वेळा. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर पाच गोळ्या चार सेकंदांत. तेव्हा यंत्रणा ही काही पापाची नाही. पाच गोळ्या, .२२ ची हलकी काडतुसे, बंदिस्त रेंज, पाठीमागे मातीची भिंत. वेग, ताकद आणि मॅगझिनची खोली या तीन गोष्टी एकाच हत्यारात एकत्र आल्या की ते वेगळ्या जातीचे होते. आपला कायदा मुख्यतः बोअर मोजतो. अमेरिकेतले अर्धे वादविवाद तर पिस्तुली मूठ आणि काळा रंग यांवर होतात. दोघांचेही लक्ष भलतीकडे.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते हे आमच्या रेल्वेने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर लांबच्या गाड्यांची वाट पाहत माणसे सामानावर बसली होती. दोघांच्या हातात एके-४७, आणि समोर ज्या मोजक्या शिपायांकडे काही होते त्यांच्याकडे तीच बोल्टची थ्री नॉट थ्री. पन्नासहून अधिक माणसे गेली. एके पूर्ण स्वयंचलित, या पुस्तकाच्या विषयाच्या पलीकडची, हे मला ठाऊक आहे. पण हातातल्या बोल्टच्या रायफलीने आणि समोरच्या मॅगझिनने त्या रात्री जो फरक पाडला तो कुठल्याही तक्त्यापेक्षा स्पष्ट होता. त्यानंतर पोलिसांची हत्यारे बदलली, आणि ते योग्यच झाले. शिपायाला तिसरी गोळी लागते.

हे पुस्तक मुख्यतः दोन वाचकांसाठी आहे. एक, ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे आणि तिचे काय करायचे हे त्याला उमगत नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात, आणि लग्नाच्या वरातीत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजोबांची तीनशे पंधरा नावावर करायची की जमा करायची, हा प्रश्न घेऊन आमच्या गावच्या प्रांत कार्यालयात येणारी माणसे मी पाहतो. त्यांना नियम सोप्या मराठीत एका ठिकाणी मिळतील. दुसरा वाचक म्हणजे स्वप्नीलचा फोटो वहीत चिकटवणारी शाळकरी मुले. त्यांच्यासाठी जवळची मोठी रेंज म्हणजे बालेवाडी, इथून सुमारे १८० किलोमीटर. पण दहा मीटरच्या हवेच्या रायफलीला एवढे लांब जायची गरज नाही. .१७७ च्या कमी ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि दहा मीटर अंतर कुठल्याही हायस्कूलच्या सभागृहात बसते. लागते ती पाठीमागची गोळी झेलणारी भिंत, दारावरची कडी आणि शिस्त लावणारा माणूस. तिसरी गोष्ट सगळ्यांत दुर्मीळ. रेंजचा नकाशा आणि खर्चाचा अंदाज शेवटच्या प्रकरणात आहे.

संपादकांनी सुरक्षिततेचे प्रकरण सगळ्या यंत्रांच्या वर्णनानंतर, सहाव्या क्रमांकावर ठेवले आहे. मी त्यांच्याशी यावर वाद घातला आणि हरलो. वाचकाने माझे ऐकावे, ते प्रकरण आधी वाचावे, आणि मग पहिल्या पानाकडे यावे.

कुर्डुवाडी